डावीकडून आलेल्या अक्षता

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही, आणि ज्याच्याबरोबर मी इतकी वर्षं काम केलं त्या विलासदादाला तर नाहीच नाही. आज सांगतेय तीसुद्धा काही मन मोठं झालंय म्हणून नव्हे. वैतागून सांगतेय. डोकं फिरलंय म्हणून सांगतेय.

सकाळी एक गिऱ्हाईक आलं होतं. बारशाचं शूटिंग घेऊन. निम्मं मोबाइल उभा धरून काढलेलं, निम्मं कॅमेऱ्यावर आडवं. म्हणाला, मॅडम, सगळं फुल स्क्रीन करा, कडेला काळं काही दिसायला नको. मी म्हटलं, अहो, उभं चित्र आडव्या टीव्हीवर फुल कसं होणार? ओढलं तर बाळाचा भोपळा होतो, कापलं तर कुणीतरी कापलं जातं. ह्या शॉटमध्ये वर तुमची बहीण उभी आहे, ती जाईल. तर तो काय म्हणाला? "जाऊ द्या की. तिचं काय एवढं."

मी ओरडले त्याच्यावर. चांगली जिन्यात ऐकू जाईल अशी ओरडले. "कुणाचं काय एवढं, ते तुम्ही ठरवणार व्हय?" बिचारा पेन ड्राइव्ह उचलून गेला. त्याचं काय चुकलं? माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. पट्ट्या घालवा. स्क्रीन भरून द्या. आणि मी प्रत्येकाशी भांडते. इथं बावड्यात मला पट्टीवाली मॅडम म्हणतात, मला ठाऊक आहे. नवीन मिक्सिंग करणारी पोरंपोरी माझ्याकडे शिकायला येतात आणि आपसांत हसतात — आधी चित्राचं माप, रेशो बघा, नाहीतर मॅडम हाणतील. त्यांना वाटतं, हे माझं तत्त्व आहे. तत्त्व कसलं आलंय डोंबलाचं.

मी मिक्सिंग करते. म्हणजे लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं, कापायचं, जोडायचं, वर गाणी घालायची, आकाशातून गुलाबं पाडायची. कसबा बावड्यात आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझं काम चालतं. हंगामात कारखान्याच्या मळीचा वास येतो म्हणून खिडकी बंद असते, आणि कॉम्प्युटरच्या उष्णतेनं मी उकडून निघते. तक्रार नाही, नुसतं सांगतेय. की तक्रारच आहे? असेल. ह्या धंद्यात सगळ्यांचे हसरे चेहरे बघायचे आणि आपण एकटं बसायचं.

आता थोडं समजून घ्यावं लागेल तुम्हाला, त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. जुना डबा टीव्ही आठवतो ना? जवळजवळ चौकोनी. नंतर आडवे टीव्ही आले. मधल्या काळात विलासदादानं, म्हणजे आमच्या शूटिंगवाल्यानं, आडवं चित्र काढणारा नवा कॅमेरा घेतला, पण त्यातली टेप जुन्याच मापाची. मग तो कॅमेरा आडवं चित्र दोन्ही बाजूंनी दाबून टेपवर बसवायचा. भाकरी डब्यात मावत नाही म्हणून आपण दुमडून ठेवतो, तसंच. कॉम्प्युटरवर घेताना ती घडी उलगडायची असते. म्हणजे मशीनला सांगायचं, हे वाईड आहे, सोळा बाय नऊ आहे, तसंच राहू दे. एका चौकटीत एक खूण करायची. बास. एवढंच काम.

टेपा देताना विलासदादा म्हणालासुद्धा होता, "वाईड हाय बरं का. कडा सांभाळ." मी हो म्हटलं. मान हलवत हलवत दुसऱ्या लग्नाची गाणी जोडत होते. आणि ती खूण मी केली नाही.

ते लग्न होतं गडहिंग्लजकडचं. नवरी अश्विनी. वडील ती लहान असतानाच गेलेले, आईनं दोन म्हशींच्या जिवावर तिला शिकवलेलं. आई म्हणजे रत्नाक्का. तिकडे सीमेलगत थोरल्या बाईला सगळे अक्काच म्हणतात. कन्यादान करणार होते थोरले चुलते, तात्या, आणि त्यांची बायको. ते ठरलेलंच होतं, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण विधवा आईनं अक्षतांच्या वेळी मागं थांबायचं, जेवणावळीकडं बघायचं, असंही ठरलेलं होतं, आणि तिथं अश्विनी अडून बसली. आई स्टेजवर असल्याशिवाय मी पाटावर उभी राहणार नाही, म्हणाली. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे. शेवटी तोड निघाली. रत्नाक्कांनी स्टेजवर यायचं, पण एका कडेला. कॅमेऱ्यातून बघितलं तर डावीकडं, कमानीच्या खांबाजवळ. अश्विनीनं विलासदादाला बाजूला घेऊन सांगितलं, दादा, काहीही करा, पण माझी आई दिसली पाहिजे. म्हणून त्यानं सगळ्या अक्षता लांबून, वाईडच घेतल्या. कॅमेरा जागचा हलवला नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कोण सांगणार? माझ्याकडे टेपा येतात, माणसं येत नाहीत.

पहिली डीव्हीडी गेली ती घडी न उलगडताच गेली. म्हणजे सगळे उंच आणि बारीक. मला मिक्सिंग करताना दिसत नव्हतं का? दिसत होतं. वाटलं, मॉनिटरच तसा असेल. लग्नसराई होती, हातात इतर कामं पडून होती, कोण खोलात जातंय. नवरदेवाकडच्या बायका खूष झाल्या. अश्विनीच्या सासूबाई म्हणे पुन्हा पुन्हा लावून बघत होत्या, जन्मात पहिल्यांदा एवढ्या सडसडीत दिसल्या म्हणून. पण तात्या एस्टी पकडून थेट बावड्यात आले. खोलीत येऊन डीव्हीडी टेबलावर टाकली. "जावई आमचा पैलवान गडी," म्हणाले, "ह्यात त्येची उदबत्ती झालीया."

मी हसले. तेव्हा हसू येत होतं मला.

चूक लगेच सापडली. सोळा बाय नऊची खूण केली, घडी उलगडली, सगळी माणसं आपापल्या अंगावर आली. दुसरी डीव्हीडी गेली. आणि तात्या पुन्हा आले. त्यांच्या घरी डबा टीव्ही. आडवं चित्र त्यावर लावलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. मी समजावलं, की हेच बरोबर आहे, असंच असतं. ते ऐकेनात. लग्नाच्या शूटिंगला काळं? वर बी काळं आणि खाली बी काळं? मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या घराला एकदा काळं लागलंय, बाई. पुन्यांदा कशाला?"

मी चिडले खूप. ह्या माणसाला मापातलं काही कळत नाही, आणि ह्याच्यासाठी मी अख्खं लग्न तिसऱ्यांदा बाहेर काढायचं. त्या चिडीतच मी बसले. पट्ट्या घालवायच्या तर चित्र मोठं करायचं. मोठं केलं की वर-खालचं काळं जातं, पण डावी-उजवी कड पडद्याबाहेर जाते. मशीनच कापतं. मी फक्त बटण दाबलं. — असं मी स्वतःला सांगत आलेय. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

तिसरी डीव्हीडी तात्यांना पसंत पडली. फोन आला, आता झ्याक झालं बघा. त्यांच्या लक्षात आलं होतं का, की आपली भावजय अख्ख्या लग्नातून गेलीय? मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत.

मग अश्विनीचा फोन. सासरहून, दबक्या आवाजात. ताई, अक्षतांच्या वेळची आई कुठंच दिसत न्हाई ओ. मी तेव्हा जेवत होते. घास हातात होता. मला तेव्हा तिची आई कोण तेही माहीत नव्हतं, आणि विचारायचे कष्ट मी घेतले नाहीत. म्हटलं, कॅमेरा एकाच जागी होता, त्या सारख्या बाजूला होत असतील. अगदी सहज म्हटलं. गिऱ्हाइकाला गप्प करायला आपण काहीही म्हणतो ना, तसं. मग ती म्हणाली, "तसलीच हाय ती." आणि फोन ठेवला.

तिनं विलासदादालाही विचारलं होतं. तो मला म्हणाला, मला तर घेतल्यासारखं आठवतंय. मी म्हटलं, दादा, सीझनला किती लग्नं करतोस तू, कुठली बाई कुठं उभी होती ते तुला आठवतंय होय? तो हसला. म्हणाला, ते बी खरंच. आणि टेपा त्यानं पुढच्या लग्नाला पुन्हा वापरल्या. तेव्हा सगळेच वापरायचे. पहिल्या दोन डीव्हीड्या तर, अश्विनीनं नीट बघायच्या आधीच, तात्यांनी सासरहूनही गोळा करून मला परत दिल्या होत्या आणि मी त्या मोडून टाकल्या होत्या. म्हणजे आता ते लग्न जसं झालं तसं एकाच ठिकाणी राहिलं — माझ्या कॉम्प्युटरमध्ये.

रत्नाक्का आल्या त्या एका दुपारी. एकट्या. गडहिंग्लजहून एस्टीनं स्टँडवर, तिथून विचारत विचारत बावड्यात. पिशवीत ओल्या शेंगा आणल्या होत्या माझ्यासाठी. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, जणू कुणी उठवायला येणार आहे. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तू बाईमाणूस हाईस म्हणून तुझ्याकडं आलो. बाप्यास्नी काय इचारायचं."

त्यांच्याकडच्या बायका 'आले', 'होते' म्हणत नाहीत. 'आलो' म्हणतात, 'हुतो' म्हणतात. पुरुषासारखं, ठामपणे.

त्यांना स्वतःचं तोंड बघायची हौस नव्हती, तसं त्यांनी आधीच सांगितलं. काम दुसरंच होतं. "पोरगी म्हणती, मी मुद्दाम सरकलो. तिनं घरादाराशी भांडून मला हुबं केलं आणि मी मागं सरकलो, म्हणती. बोलत न्हाई माझ्याशी धड. मी न्हाई गं सरकलो. खांबाला धरून हुतो मी, पाय सुदीक हलवला न्हाई. तेवढं तिला दिसू दे. तिचा राग गेला की झालं, मला दुसरं काय नगं."

बघा, किती थोडं मागत होती ती बाई. एक शॉट. त्यातही स्वतःसाठी नाही.

मी तिसरी डीव्हीडी लावली. का लावली? आत मूळ फाइल होती, ती का नाही उघडली? कारण तोवर मला कळलं होतं. त्या बोलत होत्या तेव्हाच कळलं होतं. तरी डीव्हीडी लावली. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरलेला, अक्षता उडत होत्या. रत्नाक्का खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी डाव्या काठावर बोट ठेवलं.

"ह्या अक्षता कुणाच्या?"

मी बघितलं. तिथून, पडद्याच्या डाव्या काठातून, मूठ मूठ अक्षता येत होत्या. टाकणारा हात नव्हता. नुसते पिवळे दाणे, काठातून निघून अश्विनीच्या डोक्यावर पडणारे. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी एक मूठ.

मी म्हटलं, मागच्या लोकांच्या असतील, अक्का.

"मागं भिंत हाय, पोरी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तितं खांबापाशी माझ्याबिगार कुणी न्हवतंच की."

इथं मी सांगू शकले असते. एवढं सोपं होतं. अक्का, थांबा, माझ्याकडून कड कापली गेलीय, हे बघा तुम्ही. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी काय म्हटलं ते शब्दाशब्दानं मला आठवतं. मी म्हटलं, लग्नाच्या गडबडीत माणसाला कळत नाही, अक्का. आपल्याला वाटतं आपण तिथंच होतो. पण कॅमेऱ्यात जे असतं तेच खरं असतं.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पुन्हा एक मूठ आली. मग त्या खुर्चीत परत बसल्या, पदर नीट केला.

"आसंल बाई. मिशन कशाला खोटं बोलंल? सरकलो आसंन. सवय हाय मागं सरकायची."

आणि शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून, साडेचारची गाडी गाठायची म्हणून उठल्या. जिन्यात मी त्यांना हात दिला. हातसुद्धा दिला मी — काय माणूस आहे बघा. वर येऊन खुर्चीत बसले आणि मूळ फाइल उघडली. सोळा बाय नऊ. पूर्ण आडवी.

रत्नाक्का खांबाजवळ होत्या. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातात अक्षता. डोक्यावरून पदर. मंगलाष्टकांबरोबर ओठ हलत होते. सगळी गर्दी ढकलाढकली करत होती, तात्या घाम पुसत होते, करवली नवरदेवाच्या मित्रांकडं बघत होती, फक्त ही बाई जागची हलत नव्हती. सरकायची सवय असलेली बाई. शेवटपर्यंत तसूभर सरकली नाही.

तुम्हाला वाटत असेल, मग मी धावत स्टँडवर गेले असेन. गाडी सुटायला वेळ होता. बावड्यातून स्टँड काही लांब नाही.

मी ती फाइल डिलीट केली.

चुकून नाही. कॉम्प्युटर बिघडला, जागा कमी पडली, असलं काही नाही. फाइलवर जाऊन डिलीट केली, मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, म्हणजे परत आणता येऊ नये. अश्विनी नवऱ्याला घेऊन येईल, मूळ शूटिंग दाखवा म्हणेल, ही भीती. विलासदादा म्हणेल कडा सांभाळ म्हटलं होतं तुला, आणि काम दुसरीकडे देईल, ही भीती. तात्या तिसऱ्यांदा जिना चढतील, हा वैताग. आणि मुख्य म्हणजे 'माझं चुकलं' म्हणावं लागेल, हे नको होतं. ह्यातलं एकही कारण एका आईच्या बाजूला ठेवून तोलता येत नाही. मी तोलून बघितलेलंच नाही. मी फक्त बटण दाबलं.

आता त्या वाक्याकडे येते. मशीननं कापलं, मी फक्त बटण दाबलं — खोटं आहे ते. तुम्हाला इतकं सांगितलंय, तर आता हे लपवून काय करू?

मशीननं रत्नाक्कांना पूर्ण कापलं नव्हतं. चित्र मोठं केल्यावर त्या निम्म्या आत राहिल्या होत्या. डाव्या कडेला एक खांदा, पदराचा काठ, आणि अक्षता टाकायला पुढे येणारा हात. बांगडी नसलेला. मोकळं मनगट. मी तेव्हा तो हात बघितला होता. त्या बाईचं नाव ठाऊक नव्हतं, पण ती कशी बाई आहे हे मनगटावरून लगेच कळलं. लग्नाच्या फ्रेममध्ये तो मोकळा हात मला बरा वाटला नाही. कुणीतरी मागची बाई आत घुसलीय, कशाला हिला ठेवायचं, असं वाटलं. आणि मी चित्र जरासं सरकवलं. तो हात जाईपर्यंत. एका शॉटमध्ये नाही, अक्षतांच्या सगळ्या शॉटमध्ये, एकेक करून, माऊसनं धरून.

तात्यांनी तिला स्टेजच्या कडेला ठेवलं. तेवढी तरी जागा दिली. कडेवरूनसुद्धा काढलं ते मी. एका बाईमाणसानं.

पुढचं काही फार नाही. अश्विनीच्या डोहाळजेवणाचं शूटिंगही विलासदादाकडेच होतं. मिक्सिंग माझ्याकडे. त्यात मी रत्नाक्कांना शोधत होते. त्या नव्हत्या. नंतर अश्विनी डीव्हीडी न्यायला आली तेव्हा आपणहूनच म्हणाली, "आईला पुढं बोलवलं ओ मी. आलीच न्हाई. म्हणाली, तू बोलावशील आणि मी परत मागं सरकंन, तुझा परत मनस्ताप. आतच बसली. तुम्ही म्हणाला हुता न्हवं, ताई, ती तसलीच हाय म्हणून?"

मी तसं म्हटलं नव्हतं. ते तिनंच म्हटलं होतं. पण मी मान हलवली.

दर बारशाला, दर वास्तुशांतीला रत्नाक्का आतच. लेक कधी रागावायची, कधी रागवायचंही सोडून द्यायची. आणि मी इकडे गिऱ्हाइकांशी भांडत होते, कडा कापू नका म्हणून. कडेला उभं राहिलेलं एकही माणूस माझ्या हातून परत कापलं गेलेलं नाही. वाढपी, बँडवाला, चप्पल शोधणारा म्हातारा, सगळे ठेवते. लोक कंटाळतात. त्यानं काय होतं? काहीच होत नाही. रत्नाक्का त्यातल्या एकाही शूटिंगमध्ये नाहीत.

गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. मला कळलं ते गेल्या महिन्यात, अश्विनी आली तेव्हा. आता तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय. तिच्या हातात ती तिसरी डीव्हीडी होती, चरे पडलेली. हारासाठी आईचा फोटोच सापडेना, म्हणाली, शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. तो बी कसला आलाय, वळखू येत न्हाई. मग म्हणाली, "लग्नात आई दिसत न्हाई ते ठाव हाय मला. पर एवढं एकदा नीट बघू या. नव्या टीव्हीवर लागंल असं करून द्या."

मी डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेतली. रेशो तपासला. चार बाय तीन, डबा टीव्हीचं माप, आहे तसा ठेवला. माझ्याकडे आता भिंतीवर मोठा आडवा टीव्ही आहे, त्यावर लावलं. आणि चौकोनी चित्र आडव्या टीव्हीवर आलं की जे होतं तेच झालं — पट्ट्या आता वर-खाली नव्हत्या, दोन्ही कडांना होत्या. उभ्या, काळ्या. दोन्ही मिळून मी जेवढं कापलं होतं तेवढ्याच रुंदीच्या. डावीकडच्या पट्टीकडे बघवेना मला. ती नेमकी तिथं उभी होती. खांबाजवळ.

अश्विनी म्हणाली, "ह्या पट्ट्या काढता येतील का ओ, ताई?"

मी नाही म्हटलं. का, म्हणाली. चित्र बिघडतं, म्हटलं. मग राहू द्या, म्हणाली ती, आणि बघत बसली. मंगलाष्टकं चालू होती. एकेक संपलं की त्या काळ्या पट्टीतून एक मूठ अक्षता यायची आणि पाटावर उभ्या असलेल्या पोरीच्या बरोबर भांगात पडायची. बाकीच्यांच्या अक्षता पडत होत्या त्या सगळ्या खांद्यावर, जमिनीवर, भटजींच्या अंगावर. ह्या तेवढ्या नेमक्या.

अश्विनी पहिल्यांदाच हसली. "कुणाचा तरी नेम झ्याक हुता बघा, ताई."

मी हं म्हटलं. आणि फाइल पेन ड्राइव्हवर घालून तिच्या हातात दिली.